काळी माती आणि पोलादी पाटे : सोलापूर परिसरातील जीपगाडीच्या कमानदुरुस्तीचा इतिहास

१

मोटारवाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा इंजिनाकडे, कारखान्याकडे किंवा सरकारी धोरणाकडे वळते. वाहनाचा सारा भार ज्यांच्यावर तोललेला असतो आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का जे प्रथम सोसतात, त्या पोलादी पाट्यांचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक रस्ता आणि वाहन यांची खरी गाठ तेथेच पडते. रस्ता कसा होता हे बांधकाम खात्याच्या अहवालावरून जितके कळते, तितकेच गाडीचा पाटा कोठे व कसा मोडला यावरूनही कळू शकते. सोलापूर जिल्हा काळ्या जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. अशा प्रदेशात हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. रस्त्याच्या उणिवेची किंमत कोणी आणि कशा रूपाने मोजली, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

पुढील विवेचन मुख्यतः जीप आणि तिच्या वंशातील गाड्या यांच्यापुरते मर्यादित आहे. पक्का रस्ता सोडून शेतवाटेने, ओढ्यानाल्यांतून जाण्यासाठीच ही गाडी घडविली गेली. त्यामुळे कमानीची परीक्षा तिच्यात सर्वांत कठोरपणे होते. जीपने पाट्यांची कमान दीर्घकाळ सोडली नाही, याचे कारण स्वस्ताई किंवा जुन्याची आवड एवढेच नव्हते. स्थानिक कारागिराला उघडता, समजता आणि पुन्हा उभा करता येईल असा हा एकच मोठा अवयव होता, हे त्यामागचे महत्त्वाचे कारण होय.

२

दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यांत खोल आहे; इतरत्र ती पातळ होत जाऊन मुरूम उघडा पडतो. या मातीतील चिकण अंश पाणी पिऊन फुगतो आणि वाळला म्हणजे आक्रसतो. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल चाकाला लपेटून बसतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातही सप्टेंबरचा वाटा मोठा. म्हणजे वाट बहुतेक वर्षभर कठीण आणि खडबडीत असते, आणि थोडे आठवडे ती जवळजवळ नाहीशी होते. दगडासारखी ढेकळे आणि बुडवणारा चिखल, या दोन्ही टोकांना पुरे पडेल असे वाहन येथे लागत असे.

या अडचणीवरचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे बैलगाडी. तिला कमान नव्हती. चाकाचा धक्का आसातून सरळ साट्यात आणि साट्यातून मालात किंवा माणसाच्या पाठीत जात असे. जी काही लवचीकता होती ती लाकडाच्या सांध्यांत आणि दोरांच्या आवळणीत. मोडतोड झालीच तर सुतार आरे, पुठ्ठे आणि तुंबा पाही, व लोहार धाव चढवी. लोखंडी धाव तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची, ही क्रिया उष्णतेच्या परिणामांचे सूक्ष्म ज्ञान असल्याखेरीज साधत नाही. गावगाड्यातील बलुतेदार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी यांच्या हाती हे ज्ञान होते. पुढे मोटार आली तेव्हा पोलादाचे काम करणारा कारागीर येथे शून्यातून निर्माण करावा लागला नाही.

लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला आणि १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या योजनेनुसार अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. चिखलावर मात करण्यासाठी वाटच लोखंडाची करावी, असे हे दुसरे उत्तर होते. परंतु स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर बैलगाडीकडेच राहिले. पोलादी कमान शहरांत आली ती टांग्याबरोबर. लंडनमधील गाडीकारागीर ओबादिया इलियट यांनी १८०४ च्या सुमारास घोडागाडीसाठी बाकदार पाट्यांची कमान सिद्ध केली होती. शतकभराने तेच तत्त्व मोटारीने उचलले.

३

अमेरिकन सैन्यासाठी १९४० मध्ये जीपचा पहिला नमुना तयार झाला. त्यानंतर महायुद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. गाडीची रचना विलक्षण साधी होती. पुढे आणि मागे एकेक अखंड आस, आणि त्या दोहोंना सांगाड्याशी जोडणारे चार पाटेसंच. पुढील संच सुमारे ३६ इंच लांबीचे व आठ पाट्यांचे, तर मागील ४२ इंचांचे व नऊ पाट्यांचे असत.

भारतात १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या पेढीने स्वातंत्र्याच्या सुमारास जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगाव येथे जुळणी आरंभिली. पेढीचे नाव १९४८ मध्ये महिंद्र आणि महिंद्र असे झाले. याच काळात कुर्ला येथे प्रीमियर कारखान्यात मोटारी व मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे, त्यांचा जन्म तेथे १८८२ मध्ये झाला. मोटारधंद्याची सूत्रे मुंबईत असली तरी त्यामागील एक प्रमुख व्यक्ती याच शहरातून गेली होती, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

सोलापुरातून यांत्रिक वाहनांचा मोठा ताफा निघाला तो १९४८ च्या सप्टेंबरात. हैदराबाद संस्थानावरील कारवाईत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखालील मुख्य फळी १३ सप्टेंबर रोजी सोलापूरच्या बाजूने पुढे सरकली. नळदुर्ग येथे बोरी नदीवरील पूल पहिल्याच दिवशी हाती आला आणि १८ सप्टेंबर रोजी निजामाच्या सेनेने शरणागती दिली. ही मोहीम ऐन पावसाच्या महिन्यात झाली. फळीची सारी वाटचाल पक्क्या हमरस्त्यावर आणि पुलांवर अवलंबून होती, म्हणूनच बोरीच्या पुलाला एवढे मोल आले. हमरस्ता सोडताच काळ्या मातीचे राज्य सुरू होई. शांततेच्या काळात त्या राज्यात रोज हिंडण्याचे काम पुढे जीपच्या वाट्यास आले.

४

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी या कमानीची घडण लक्षात घेतली पाहिजे. सर्वांत लांब असा मुख्य पाटा वर असतो. त्याची दोन्ही टोके वळवून गोल डोळे केलेले असतात. त्याखाली उत्तरोत्तर आखूड होत जाणारे पाटे रचलेले असतात व मधोमध आरपार गेलेला सेंटर बोल्ट त्या सर्वांना एकत्र धरतो. हा संच यू-बोल्टांनी आसाला आवळला जातो. एक डोळा सांगाड्याला पक्क्या खिळीने जोडलेला असतो. दुसरा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला असतो, कारण भार पडून पाटा सरळ होऊ लागला की त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट द्यावी लागते.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की पाटे केवळ भार पेलत नाहीत. आस गाडीखाली नेमक्या जागी धरून ठेवण्याचे कामही तेच करतात. शिवाय पाट्यांच्या परस्परघर्षणाने गाडीचे हेलकावे काही अंशी आपोआप शमतात. आधार, बंधन आणि शमन अशी तीन कामे एकच अवयव करतो, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. सेंटर बोल्ट तुटला तर गाडी लगेच बसत नाही. परंतु आस पाट्यावरून मागेपुढे सरकतो, चाके तिरपी धावतात आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. मुख्य पाट्याचा डोळाच तुटला तर आसाचे बंधन सुटते व सुकाणू हाती राहत नाही. म्हणून गाडी ओढू लागली की जाणत्या कारागिराची नजर सुकाणूकडे जाण्याआधी पाट्यांकडे जाते.

पाटा कोठे तुटतो यालाही नियम आहे. पहिली जागा सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी, कारण तेथे पोलादाचा छेद कमी झालेला असतो आणि सैल यू-बोल्टामुळे वाकण्याचा ताण नेमका तेथेच एकवटतो. दुसरी डोळ्याच्या वळणापाशी. तिसरी वरच्या पाट्यावर, खालच्या आखूड पाट्याचे टोक जेथे घासते त्या रेषेवर. काळ्या मातीचा त्रास तिसऱ्या ठिकाणी विशेष जाणवतो. चिखल पाट्यांच्या फटीत शिरतो, वाळतो, गंज आणतो आणि गंजाच्या खळीतून चीर सुरू होते. वंगण भरावे तर धूळ त्यात मिसळून सहाणेसारखी झीज करते, न भरावे तर पाटे जखडतात व चालताना करकरतात. यावर सार्वकालिक उत्तर नाही. पाटे वारंवार धुणे आणि ठरावीक काळाने संच सोडवून प्रत्येक पाटा स्वतंत्र पाहणे, एवढेच काय ते हाती राहते.

युद्धकालीन जीपच्या शॅकलला आटे पाडलेले असत आणि बुशही आट्यांचे असत. त्यांपैकी काही उजव्या आट्यांचे, तर काही डाव्या आट्यांचे होते. ही खूण न ओळखता पान्हा फिरविणाऱ्याच्या हातून आटे खराब होत. या सांध्यांना सर्वसाधारणपणे दर हजार मैलांनी वंगण द्यावयाचे असे. धुळीच्या व चिखलाच्या प्रदेशात तो अवधी पाळून भागत नसे, प्रत्येक चिखलातील फेरीनंतर नवे वंगण भरून जुने बाहेर काढणे हाच सुरक्षित मार्ग होता. पुढे रबरी बुश आले, त्यांना वंगण नको. परंतु त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावे लागतात. गाडी उचललेली असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

५

बसलेला किंवा मोडलेला पाटा पुन्हा कामास लावणे हा या विषयाचा गाभा होय. संच सोडवून रॉकेलने धुतल्यावर डोळ्यापासून डोळ्यापर्यंत दोरी ताणून बाकाची खोली मोजतात आणि दुसऱ्या बाजूच्या संचाशी ती ताडून पाहतात. फरक थोडा असेल तर पाटा न तापविता खाचेवर आडवा ठेवून पोटाच्या बाजूने घणाचे घाव जवळजवळ घालीत जातात. एकाच ठिकाणी जोराचा घाव घातल्यास तेथे कोन येतो आणि पुढे तेथेच तुटते. अशा थंड दुरुस्तीने गाडीची उंची परत येते, तरी तो पाटा नव्याइतका काळ टिकत नाही.

तापवून बाक देणे ही वेगळी विद्या आहे. येथेच शेतीच्या अवजारांचे लोहारकाम आणि मोटारीचे लोहारकाम यांत फरक पडतो. कुऱ्हाड, विळा किंवा फाळ यांना लोहार पाणी देतो, म्हणजे लाल तापलेली धार पाण्यात विझवून कठीण करतो आणि मग हलक्या तापाने तिचा ठिसूळपणा उतरवितो. हा ताप तो पोलादाच्या अंगावर उमटणाऱ्या रंगावरून ओळखतो. सुमारे २३० अंशांना पेंढ्याचा पिवळा रंग येतो आणि सुमारे ३०० अंशांना निळा. पाट्याला मात्र धार नको असते, त्याला हवी असते लवचीकता. पाट्याचे सिलिकॉन-मँगनीजयुक्त पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवावे लागते आणि नंतर साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत पुन्हा तापवून त्याचा कठीणपणा उतरवावा लागतो. हा ताप निळ्या रंगाच्या पलीकडचा, पण पोलाद उजेडात लाल दिसू लागण्याच्या अलीकडचा आहे. लोहाराची रंगांची मोजपट्टी नेमकी तेथे मुकी होते.

ही अडचण जगातील सर्वच कमान-लोहारांपुढे होती. विझविलेला, तेलाने माखलेला पाटा अंगावरील तेल पेट घेईपर्यंत तापवावा, किंवा कोरड्या लाकडाची काडी त्यावर घासून ती धुमसते की नाही ते पाहावे, अशा जुन्या रीती त्यातूनच निघाल्या. या रीती न कळता केवळ भट्टीत लाल करून वाकविलेला पाटा हवेत थंड झाला तर नरम पडतो आणि काही दिवसांत बसतो. पाण्यात विझविला तर तो काचेसारखा ठिसूळ होऊन पहिल्याच खड्ड्यात तुटतो. तुटलेला पाटा वितळजोडाने सांधणे हीदेखील फसवी दुरुस्ती होय. जोड धरतो, पण जोडाशेजारच्या पट्ट्यातील पाणी उतरलेले किंवा चढलेले असते आणि पाटा तेथून तुटतो. कुशल कारागिराचे कौशल्य म्हणूनच दोन गोष्टींत दिसते. काय दुरुस्त करावे हे तो जाणतो, आणि काय टाकून द्यावे हेही जाणतो.

टाकून दिलेला पाटादेखील वाया जात नाही. त्यात कार्बनचे प्रमाण अवजारास पुरेसे असते, म्हणून लोहार त्याचा कोयता, विळा, कुऱ्हाड किंवा छिन्नी घडवितो. गावच्या लोहाराने अवजारांच्या विद्येतून मोटारीच्या कामात प्रवेश केला, आणि मोटारीने त्या ऋणाची फेड उत्तम पोलादाच्या रूपाने केली. सोलापूर जिल्ह्यात भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर उसाचे क्षेत्र वाढत गेले. उसाच्या फडात कोयता हेच मुख्य हत्यार असल्याने या परतफेडीस विशेष अर्थ आहे.

६

जीप ग्रामीण भागात आली ती प्रथम शासनाच्या हातून. समूह विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप ही खेड्याला परिचित अशी शासनाची खूण झाली. १९४३ च्या नागपूर रस्ते योजनेने शेतीप्रधान भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे ध्येय ठेवले होते. तेवढे ध्येय पुरे झाले असे मानले तरी शेवटचे पाच मैल उरतातच. जीपचे पाटे झिजले ते त्या मैलांवर.

१९७२ च्या दुष्काळाचा घाला सोलापूर जिल्ह्यावर मोठा होता. दुष्काळी कामांवर लक्षावधी स्त्रीपुरुषांनी महाराष्ट्रात खडी फोडली आणि रस्त्यांचे भराव घातले. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या कामांनी अनेक गावांना प्रथमच आखीव वाट दिली. तथापि मजुरी देणे हा प्रधान हेतू असल्याने मातीकाम व खडीकाम झाले तरी दबाई आणि डांबरीकरण मागे राहण्याचा प्रसंग वारंवार येत असे. उघडी खडी बैलाच्या खुराला आणि मोटारीच्या कमानीला सारखीच जाचक. वाट झाली, पण तिचे उरलेले काम जणू गाडीच्या पाट्यांवर सोपविले गेले. सार्वजनिक खर्चात जे वाचले ते दुरुस्तीच्या बिलात खासगीरीत्या मोजावे लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

हे बिल मोजणारा वर्गही पुढे बदलला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जुन्या जीपगाड्या, महिंद्रची कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्या भाड्याने माणसे वाहू लागल्या. राज्य परिवहनाची गाडी जेथे दिवसातून एखाददुसऱ्या वेळीच जाई तेथे ‘वडाप’ हाच आधार होता. पाच-सात माणसांसाठी आखलेल्या कमानीवर दुप्पट भार पडू लागला. त्यावरचा सर्रास उपाय म्हणजे संचात एक जादा पाटा घालणे. त्याने गाडी बसत नाही हे खरे. परंतु कमान कडक होऊन तिची लवण कमी होते आणि धक्का सांगाड्याकडे व शॅकलच्या आधाराकडे जातो. पाटा तुटण्याऐवजी आधाराचा सांधा तडकतो, म्हणजे दोष नाहीसा न होता पुढच्या अवयवात सरकतो. रिकामी गाडी उसळते, ती वेगळीच. जादा पाट्याचा हा इतिहास म्हणजे अपुऱ्या सार्वजनिक वाहतुकीचा पोलादात उमटलेला लेखच होय. त्यात चालकाचा लोभ पाहणे सोपे आहे. पण थांब्यावर उरलेल्या प्रवाशाची गरजही त्यात पाहिली पाहिजे.

७

एकविसाव्या शतकात चित्र पालटले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० मध्ये सुरू झाली, पुणे–सोलापूर हमरस्ता चौपदरी झाला. गाडीची घडणही बदलली. महिंद्रची ‘थार’ २०१० मध्ये आली तेव्हा तिच्या वरच्या प्रतीत पुढील चाके स्वतंत्र झाली होती. मागे मात्र पाटेच होते. २०२० च्या नव्या थारमध्ये पुढे आणि मागेही गुंडाळी कमानी आल्या. गुंडाळी कमान फक्त भार पेलते. आस धरण्यासाठी निराळे दांडे, रबरी बुश व चेंडूसांधे लागतात आणि शमनासाठी बंदिस्त शॉक ॲब्सॉर्बर लागतो. पाट्यांनी केलेली कामे आता अनेक अवयवांत वाटली गेली. प्रवास सुखाचा झाला, खडबडीत वाटेवर चाक जमिनीला अधिक धरून राहू लागले, हा लाभ निर्विवाद आहे. पाट्यांच्या गाडीत आयुष्य काढलेल्या चालकाच्या कण्याला तो लाभ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि दुरुस्तीचे स्वरूप त्याबरोबर बदलले. चेंडूसांधा झिजला की बदलावयाचा, शॉक ॲब्सॉर्बर गळू लागला की बदलावयाचा, बुश फाटला की दाबयंत्राने नवा बसवावयाचा. भट्टी, घण आणि दोरीचे माप यांना येथे काम उरत नाही. घडविणारा कारागीर बदलणारा कारागीर होतो, आणि दुरुस्तीच्या मूल्याचा मोठा भाग स्थानिक श्रमाकडून दूरच्या कारखान्याकडे जातो. मालमोटारी, ट्रॅक्टरच्या काही ट्रेलर व भारवाहू गाड्या यांच्यामुळे पाट्यांचा धंदा आजही चालू आहे. जीपच्या वंशातून मात्र तो ओसरत आहे.

यावरून जुनी कमान श्रेष्ठ होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. एखादे यंत्र एखाद्या प्रदेशात रुजते ते केवळ त्याच्या गुणांवर नव्हे. ते बिघडल्यावर त्या प्रदेशातील ज्ञान त्याला कितपत हात देऊ शकते, यावरही रुजते. काळ्या मातीच्या मुलखात जीप रुजली, कारण तिच्या पाट्यांची भाषा धाव चढविणाऱ्या आणि फाळाला पाणी देणाऱ्या लोहाराला अर्धीअधिक येत होती. उरलेली त्याने मोडलेल्या पाट्यांवरून शिकून घेतली. रस्ते, शासन आणि वाहन यांचा या जिल्ह्यातील इतिहास लिहिताना हा कारागीर वगळला, तर गाड्या कशा आल्या एवढेच कळेल. त्या चालत्या कशा राहिल्या, ते कळणार नाही.